ऑइल बदललं तरी सकाळची खटखट परत येते? ग्रेड बदलण्याआधी फिल्टर तपासा

लक्षण बऱ्याच जणांच्या ओळखीचं आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की पहिले दोन-चार सेकंद इंजिनच्या वरच्या भागातून किंवा चेनच्या बाजूने कोरडी खटखट येते. ऑइलचा लाल दिवाही जरा रेंगाळून विझतो. मग आवाज एकदम थांबतो आणि दिवसभर कितीही वेळा बंद-चालू केलं तरी पुन्हा येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र परत तेच. ऑइल आणि फिल्टर बदलले की काही आठवडे शांतता, आणि पुढची सर्व्हिस जवळ येईपर्यंत खटखट पुन्हा हजर.

स्वतःच्या हाताने ऑइल बदलणारे यावर बहुतेक वेळा एकच इलाज करत राहतात, तो म्हणजे दर वेळी वेगळं ऑइल टाकून बघण्याचा. आधी कंपनी बदलतात, मग सेमी-सिंथेटिकवरून फुल सिंथेटिकवर जातात, मग ग्रेड बदलतात, म्हणजे ५डब्ल्यू-३० च्या जागी जास्त घट्ट १०डब्ल्यू-४० टाकतात, आणि शेवटी एखादं महागडं ॲडिटिव्ह. फिल्टर मात्र हाताला लागेल तो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. लक्षण वर सांगितल्यासारखंच असेल तर पहिला संशय फिल्टरवर घ्यावा, आणि त्यातही त्याच्या आतल्या एका रबरी चकतीवर.

रात्री नेमकं काय होतं

नवा फिल्टर हातात घेऊन तोंडाकडून बघा. मधोमध आटे पाडलेलं मोठं भोक असतं आणि त्याभोवती लहान भोकांचं वर्तुळ. पंपाकडून येणारं ऑइल कडेच्या लहान भोकांतून आत शिरतं, कागदाच्या घड्यांमधून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात जातं. लहान भोकांतून आत डोकावलं की मागे रबराची एक चकती दिसते. पंपाचा दाब आला की ती मागे सरते. दाब गेला की परत भोकांवर बसते आणि आत आलेलं ऑइल मागे जाऊ देत नाही. हाच अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह.

विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातलं पाणी उतरून जातं आणि पंप सुरू केला तरी पाणी यायला वेळ लागतो. इथेही तसंच होतं. चकती नीट बसली नाही की फिल्टरमधलं ऑइल रात्रभरात पंपातून झिरपत खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो, मग पुढच्या गॅलऱ्या (इंजिनातले ऑइलचे मार्ग), आणि त्यानंतर कुठे दाब वरच्या टॅपेटपर्यंत पोचतो. हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट भरून काढणारा) आणि चेनचा टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा) दोघेही ऑइलच्याच दाबावर ताठ उभे राहतात. दाब नसेल तेवढा वेळ ते ढिले असतात आणि आपल्याला ऐकू येते ती त्यांचीच खटखट.

काही आठवड्यांनी त्रास परत का येतो, याचं उत्तरही या चकतीतच आहे. बऱ्याच फिल्टरमध्ये ती नायट्राइल रबराची असते. नवी असते तेव्हा मऊ आणि लवचीक असते, भोकांवर व्यवस्थित बसते. पण गरम ऑइलमध्ये दिवसरात्र राहून, तापत-थंडावत ती कडक होत जाते. कडा किंचित वळतात आणि बसणं सैल होतं. सिलिकॉनची चकती याच उष्णतेत जास्त काळ मऊ राहते. ऑइल बदलल्यावर बरं वाटायचं त्यामागेही हेच कारण: ऑइलबरोबर फिल्टरही नवा आलेला असतो. श्रेय मात्र ऑइलच्या डब्याला मिळतं आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा डब्यांच्याच फळीवर सुरू होतो.

जाड ऑइलही इथे फसवतं. १०डब्ल्यू-४० टाकल्यावर खटखट कमी झाल्यासारखी वाटते, कारण घट्ट ऑइल त्या सैल चकतीतून सावकाश गळतं. गळती आहे तशीच राहते, फक्त तिचा वेग कमी होतो. वर थंड इंजिनात हेच घट्ट ऑइल वरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. म्हणजे ज्या क्षणाची काळजी होती तोच क्षण आपण लांबवलेला असतो.

आधी आवाजाची वेळ पकडा

फिल्टरवर खापर फोडण्याआधी आवाज कधी येतो आणि किती टिकतो हे नीट ऐका. फोनवर दोन-तीन दिवस सकाळचं रेकॉर्डिंग केलं तर उत्तम. आठवणीतला आवाज नेहमी असतो त्यापेक्षा मोठा आणि लांब वाटतो.

फक्त रात्रभराच्या विश्रांतीनंतर, दोन-चार सेकंद, आणि दिवा विझताच बंद: हे ऑइल उतरून गेल्याचं लक्षण. नवा फिल्टर बसवल्यावर अगदी पहिल्यांदा सुरू करताना असा आवाज आला तर तो दोष नव्हे, कारण फिल्टर रिकामाच असतो. त्या वेळी रेस देऊ नका, दिवा विझेपर्यंत इंजिन आपल्या चालीने चालू द्या.

खटखट मिनिट-दोन मिनिटं चालून इंजिन तापेल तशी हळूहळू कमी होत असेल तर फिल्टरचा संबंध कमी. सिलेंडरमध्ये पिस्टनचा खेळ वाढला असेल किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फट असेल तर असा आवाज येतो. धातू तापून फुगला की दोन्ही फटी मिटतात. ऑइल बदलून यांना काही फरक पडणार नाही.

उलट थंड असताना शांत, पण तापल्यावर सिग्नलला उभं राहिलं की दिवा लुकलुकतो किंवा टिकटिक सुरू होते, तर ते वेगळं आणि जास्त गंभीर प्रकरण आहे. ऑइल कमी आहे, चुकीच्या ग्रेडचं आहे, त्यात पेट्रोल-डिझेल मिसळून ते पातळ झालंय, पंपाची जाळी तुंबलीय किंवा बेअरिंग झिजलीत. गाडी चालवत चालवत हे बघू नये. बऱ्याच इंजिनांत तो दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली लागतो, म्हणजे तो लागेपर्यंत दाब जवळजवळ संपलेला असतो. चालत्या गाडीत लाल दिवा पेटला की बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, आवाज असो वा नसो.

रात्रीची परीक्षा

पुढचं ऑइल बदलायची वेळ येईल तेव्हा एक गोष्ट वेगळी करा. एरवी आपण इंजिन कोमट करून ऑइल काढतो, आणि ते बरोबरच आहे, कारण कोमट ऑइल गाळासकट चांगलं निघतं. या खेपेला मात्र गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करता सगळ्यात आधी फिल्टर उतरवा. वर चढवताना गाडी फक्त जॅकवर ठेवू नका, स्टँड लावा आणि चाकांना अडण द्या.

फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असेल तर खाली भांडं धरून हळू सैल करा. चकती शाबूत असेल तर रबरी रिंग सुटताक्षणी ऑइलचा ओघळ हातावर येतो आणि फिल्टर उतरवला की तो जड लागतो. चकती गेलेली असेल तर पूर्ण सुटेपर्यंत चार थेंब पडतात आणि हातात येतो तो हलका, जवळजवळ रिकामा डबा. हा फरक इतका ढळढळीत असतो की एकदा पाहिला की तर्क लढवावे लागत नाहीत.

आता बोथट काडीने कडेच्या भोकांतून चकती दाबून बघा. नव्या फिल्टरची चकती सहज दबते आणि लगेच जागेवर येते. जुनी कडक झालेली दाबायला जोर लागतो आणि ती आळसावल्यासारखी परतते, कधी एका बाजूने उचललेलीच राहते. दोन्ही फिल्टर शेजारी ठेवून हे करा. रंगावरून अंदाज बांधायला हरकत नाही: नायट्राइल बहुधा काळं आणि सिलिकॉन बरेचदा नारिंगी किंवा लाल. पण रंग म्हणजे पुरावा नव्हे. खोक्यावर किंवा उत्पादकाच्या माहितीपत्रात सिलिकॉन लिहिलंय का ते वाचा.

ज्या इंजिनात फिल्टर तोंड वर करून, भांड्यासारखा खाली लटकतो, तिथे ही परीक्षा फसते. तसा फिल्टर चकतीशिवायही भरलेला राहतो आणि काही मूळ फिल्टरमध्ये तिथे चकती ठेवलेलीच नसते. अशा गाडीत ही खटखट असेल तर शोध थेट टेन्शनर आणि टॅपेटकडे न्या.

फिल्टर आडवा आहे, सकाळी भरलेला निघाला, आणि तरी खटखट आहे? मग फिल्टर निर्दोष. टेन्शनरमधून दाब निसटतोय, किंवा व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या कॅम फेझरची आतली लॉक पिन झिजलीय, असं धरून पुढे चला. ही पिन इंजिन बंद असताना फेझरला एका जागी अडकवून ठेवते. ती नीट अडकली नाही की सुरू करताना दाब येईपर्यंत फेझर मागेपुढे आपटतो. हुबेहूब असाच आवाज, आणि तोही रात्रीनंतरच. म्हणून तर ही परीक्षा महत्त्वाची. तिच्याशिवाय या दोन दोषांमधला फरक कानाने ओळखणं फार अवघड आहे.

फिल्टर निवडताना

पहिली अट चकतीची. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर सिलिकॉनची चकती असलेला घ्या. फिल्टरवर थोडा जास्त खर्च करायचाच असेल तर तो इथे करा.

दुसरी अट बायपास व्हॉल्व्हची, आणि हिच्याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही. कागद तुंबला किंवा थंड ऑइल फार घट्ट असलं की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो. तो ठरावीक आकड्यापुढे गेला की बायपास उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जातं, कारण ऑइल अजिबात न मिळण्यापेक्षा न गाळलेलं ऑइल बरं. गाड्यांच्या फिल्टरमध्ये हा आकडा साधारण ८ ते २२ पीएसआयच्या दरम्यान असतो, आणि तो इंजिनप्रमाणे ठरवलेला असतो. काही इंजिनांत बायपास ब्लॉकमध्येच असतो, तिथे फिल्टरमध्ये वेगळा लागत नाही. आकार आणि आटे जुळणारे दोन फिल्टर आतून असे वेगळे असू शकतात. त्यामुळे ‘बसतो’ म्हणजे ‘चालतो’ असं समजू नका. भाग क्रमांक तुमच्या इंजिनासाठी दिलेल्या यादीत आहे का, हे बघूनच घ्या. मोठा फिल्टर बसतो म्हणून तो चढवण्याची हौस अनेकांना असते. त्यालाही हीच अट, शिवाय तो खालून उघडा पडत नाही ना आणि एक्झॉस्टच्या जवळ जात नाही ना, तेही पाहा.

आट्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यातली चूक इंजिन घालवू शकते. प्रचलित आट्यांपैकी दोन आहेत एम२०×१.५ आणि ३/४-१६. पहिल्याचा व्यास २० मिलिमीटर, दुसऱ्याचा १९.०५. पहिल्यात दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर, दुसऱ्यात साधारण १.५९. म्हणजे एम२० चा फिल्टर ३/४ च्या नळीवर चढतो. चढतो, फिरतो, रिंगही टेकते आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. पण आटे एकमेकांत पुरते रुतलेले नसतात. थंड इंजिनात दाब सगळ्यात जास्त असतो, अशा वेळी फिल्टर सरकू शकतो आणि चेंबरमधलं ऑइल काही क्षणांत रस्त्यावर. बसवताना फिल्टर रिंग टेकण्याआधी डगडग हलत असेल तर तिथेच थांबा आणि क्रमांक पुन्हा तपासा. जुना फिल्टर शेजारी धरून रिंगचा व्यासही जुळवा.

गाळण्याच्या क्षमतेचे आकडे खोक्यावर मोठ्या अक्षरात असतात. ‘९९ टक्के’ या आकड्याला सोबत मायक्रॉन (कणाचा आकार, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) लिहिलेले नसतील तर अर्थ नाही. २० मायक्रॉनला ९९ टक्के आणि ४० मायक्रॉनला ९९ टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाचणी आयएसओ ४५४८-१२ प्रमाणे केलेली असेल तर तो आकडा दुसऱ्या फिल्टरशी ताडून बघता येतो. सकाळच्या खटखटीशी मात्र या आकड्याचा संबंध नाही. उत्तम गाळणारा फिल्टरसुद्धा रात्री रिकामा होऊ शकतो.

बंद डब्याच्या फिल्टरऐवजी कार्ट्रिज, म्हणजे इंजिनावरच्या कायमच्या घरात (हाउसिंगमध्ये) बसणारा नुसता कागदी भाग, असेल तर उतरून जाणं थांबवणारा व्हॉल्व्ह बहुधा हाउसिंगमध्ये किंवा मधल्या नळीत असतो, कधी कार्ट्रिजच्या बुडाशी असलेल्या रबरी खुंटीवर भिस्त असते. जुनी कार्ट्रिज काढताना तिचा तुकडा आत अडकून राहिला, किंवा नवी कार्ट्रिज खुंटीशिवायची निघाली, तर फिल्टर नवा असूनही रोज सकाळी खटखट. टॉर्चने हाउसिंगच्या तळाशी बघा. झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी घाला आणि ती त्याच खाचेत बसवा जिथून जुनी काढली; झाकणावर दोन-तीन खाचा असतात आणि चुकीच्या खाचेतली रिंग गळते. झाकण किती घट्ट करायचं तो आकडा बरेचदा झाकणावरच उमटवलेला असतो, कित्येकांवर २५ न्यूटन-मीटर. प्लॅस्टिकचं झाकण अंदाजाने आवळू नका, टॉर्क पाना वापरा.

ऑइल निवडताना

इथे मला फार बोलायचं नाही, कारण निम्मं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तिथली ग्रेड आणि तिथलं मानक, दोन्ही जुळलं की डब्यावरचं नाव कोणाचं हा प्रश्न दुय्यम आहे. गोंधळ होतो तो ग्रेड जुळते पण मानक जुळत नाही तिथे.

ग्रेडचा दुसरा आकडा गरम ऑइलचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (घट्टपणाचं एकक) दरम्यान असतं आणि ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३. पहिला, डब्ल्यूचा आकडा थंडीतला: ५डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशाला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला. म्हणजे ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० ही दोन्ही गरम इंजिनात एकाच पट्ट्यात बसतात. ‘०डब्ल्यू पाण्यासारखं पातळ असतं, इंजिन खाईल’ ही भीती म्हणूनच निराधार आहे.

पुस्तिकेत तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेड चालतात असा तक्ता दिला असेल तर त्यातली कुठलीही घ्या. तक्त्याबाहेर जाऊ नका. ०डब्ल्यू-२० साठी बांधलेल्या इंजिनात पंप, टेन्शनर आणि फेझर यांचा हिशेब त्याच पातळपणावर केलेला असतो.

आता दोन डबे शेजारी ठेवा, दोन्हींवर ५डब्ल्यू-३०. एकावर एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) या संस्थेचं मानक सी२, दुसऱ्यावर सी३. १५० अंशाला, भाराखाली ऑइलचा थर किती टिकतो याची जी एचटीएचएस चाचणी आहे, तिच्यात सी२ ला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतं आणि सी३ ला किमान ३.५. ग्रेड एकच, पण बेअरिंगमधली वागणूक वेगळी. पुस्तिका सी३ मागत असेल तर सी२ चालणार नाही, भले पुढच्या बाजूचे मोठे आकडे सारखे असोत. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या डिझेल गाडीत तर हे आणखी महत्त्वाचं: सी मालिकेतल्या ऑइलमध्ये राख करणारे घटक कमी असतात, आणि चुकीच्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये कायमची साठते.

पेट्रोल इंजिनासाठी एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) मानक-अक्षरं बघा. एसएन २०१० मध्ये आलं, एसपी मे २०२० मध्ये. पुस्तिकेत एसएन लिहिलं असेल तर एसपी चालतं, नवं मानक जुन्याची जागा घेतं. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनाला एसपी खरोखर उपयोगी आहे, कारण कमी वेगात अवेळी होणाऱ्या स्फोटांपासून आणि टायमिंग चेनच्या झिजेपासून बचावाच्या चाचण्या त्यात आहेत. तुमच्याकडे चेनची खटखट असेल तर चेन कशाने झिजते हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे: डिझेलच्या काजळीने, मिसळलेल्या पेट्रोलने, आणि ठरल्यापेक्षा फार उशिरा बदललेल्या ऑइलने.

मोटरसायकलवाल्यांसाठी एकच वाक्य: क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर जेएएसओ (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल घ्या, कारचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो.

ॲडिटिव्हच्या बाटलीची शिफारस मी करत नाही. कडक झालेली चकती ती मऊ करत नाही आणि डब्यातल्या रसायनांचा जमवलेला तोल मात्र बिघडवू शकते.

बसवताना होणाऱ्या चुका, ज्या याच आजारासारख्या दिसतात

जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का ते बघा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी रिंग बसली, तर सुरुवातीला ठीक वाटतं आणि दाब वाढला की मधून ऑइल उसळतं. बसण्याची जागा स्वच्छ कापडाने पुसा, बोट फिरवून खात्री करा. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकली की तिथून पुढे फिल्टरवर छापलेलं असेल तेवढंच, बहुधा पाऊण ते एक फेरा. पाना हा काढण्यासाठी, लावण्यासाठी नाही.

तोंड वर करून बसणारा फिल्टर आधी भरून लावायचा असेल तर ऑइल कडेच्या भोकांतून ओता, म्हणजे ते गाळून मध्ये येईल. हळू जातं, धीर लागतो. मधल्या भोकात ओतलेलं ऑइल न गाळता थेट बेअरिंगकडे जातं.

ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. तांब्याचा असो वा ॲल्युमिनियमचा, एकदा दबला की त्याचं काम झालं. जुन्यावर जोर करून गळती थांबवायला गेलं की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे निघतात.

पातळी जास्त झाली तरी खटखट होते, हे पुष्कळांना पटत नाही. ऑइल कमालच्या खुणेच्या बरंच वर गेलं की फिरता क्रँक त्याला घुसळतो, हवेचे बुडबुडे मिसळतात, आणि बुडबुडे दाबले जात असल्यामुळे हायड्रॉलिक टॅपेट ताठ राहत नाही. फरक ओळखायचा तर हा आवाज सकाळच्या चार सेकंदांत संपत नाही. लांबवर गाडी पळवल्यावर उलट वाढतो. पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा थोडं कमी ओता, इंजिन चालवून बंद करा, सपाट जागेवर काही मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत उरलेलं घाला. पुढे महिन्याभरात काही न टाकता पातळी वर चढलेली दिसली आणि डिपस्टिकला इंधनाचा वास आला, तर छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल किंवा डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. ते ऑइल लवकर बदला आणि कारण शोधा.

फिल्टर बदलूनही खटखट राहिली तर

ऑइलच्या प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजून घ्या. गेज नसेल तर मेकॅनिककडून करून घ्यायला हरकत नाही, काम थोड्या वेळाचं आहे. बघायच्या गोष्टी दोन: थंड इंजिन सुरू केल्यावर काटा वर यायला किती वेळ घेतो, आणि पूर्ण तापल्यावर न्यूट्रलमध्ये तो कुठे स्थिरावतो. दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय हा जुना ठोकताळा अजून सांगितला जातो, पण गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करणाऱ्या नव्या पंपांना तो लागू पडत नाही. तुमच्या इंजिनाचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. काटा झटकन वर येतो आणि तरी खटखट आहे, तर दोष ऑइल पुरवठ्यात नाही, चेन-टेन्शनर-फेझरमध्ये आहे. काटा उशिरा येतो आणि फिल्टर सकाळी भरलेला निघाला होता, तर पंप, त्याची जाळी किंवा जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह यांत दोष आहे.

उतरवलेला जुना फिल्टर टाकण्याआधी कापून बघा. त्यासाठी फिल्टर कटर वापरा. करवतीने कापलं तर तिचाच लोखंडी भुसा घड्यांत पडतो आणि मग इंजिनातला कोणता आणि करवतीचा कोणता हे कळत नाही. कागद उलगडून उजेडात धरा. घड्या सरळ असाव्यात. त्या एकत्र चिकटून दबलेल्या असतील तर फिल्टर तुंबून बायपासवर चालत होता. बारीक चमक थोडीफार चालते, पण डोळ्याला दिसणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, म्हणजे चेन, कॅम किंवा पंप. न चिकटणारे असतील तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू, आणि मग खटखटीचा प्रश्न बाजूला ठेवून इंजिन उघडण्याचा विचार करावा लागतो. टेन्शनरच्या पट्टीचे प्लॅस्टिकचे तुकडेही कधी सापडतात. सापडले तर ते चेंबर आणि पंपाच्या जाळीतही असणार हे नक्की समजा.

जुनं ऑइल आणि निथळलेला फिल्टर बंद डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या केंद्रावर द्या. गटारात किंवा मातीत एक थेंबही जाऊ देऊ नका.

नवा, सिलिकॉनची चकती असलेला फिल्टर लावल्यावर पहिल्या आठवड्यातल्या शांततेवर विसंबू नका. नायट्राइलवालाही तेवढे दिवस शांत असतो. फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, आणि आधीचा फिल्टर जितक्या किलोमीटरवर खटखटायला लागला होता तिथून पुढे सकाळचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करा. तिथेही दिवा लगेच विझत असेल आणि आवाज नसेल, तर ऑइल पुस्तिकेतल्याच ग्रेडचं ठेवा आणि तोच फिल्टर पुढेही घेत राहा.